माईंचा उजवा खांदा

"ही गुंडी शिवणाऱ्याला कुणी शिकवलं कुणास ठाऊक. गुंडी केवढी, काज केवढं. म्हशीला खिडकीतून आत घ्यायचं म्हणतात मेले."

धाकटी चहाचा कप घेऊन दाराबाहेर थबकली. दार किलकिलं होतं. आत माई पलंगाच्या कडेला बसून डाव्या हाताने लोकरी जाकिटाशी झटापट करत होत्या. उजवा हात मांडीवर पडला होता, पाहुण्याने विसरून ठेवलेल्या पिशवीसारखा.

अपघात झाल्यापासून या घरातल्या वस्तूंवर वाईट दिवस आले होते. दाराची कडी घट्ट झाली होती, फणी जड झाली होती, स्वयंपाकघरातली वरची फळी कुणीतरी मुद्दाम वीतभर उंच ठोकली होती, आणि जिना तर माईंच्या मते रोज थोडा थोडा वाढतच होता. दोष सगळ्यांचा होता, फक्त खांद्याचा नव्हता. खांद्याचं नाव काढायची सोय नव्हती.

धाकटी खाकरून आत गेली. "थांबा, मी लावते."

"नको. हे जाकीटच परत दे त्या शिंप्याला. म्हणावं, तुझं तूच घाल."

"माई, हे तुम्हीच शिवलंय."

माईंनी जाकिटाकडे पाहिलं, मग सुनेकडे. "मग त्या दिवशी घाईत असेन," त्या म्हणाल्या आणि कप घ्यायला उजवा हात उचलला. हात जेमतेम मांडीवरून निघाला आणि थांबला. चेहऱ्यावरची रेष हलू न देता त्यांनी डावा हात पुढे केला, एक घोट घेतला, आणि चहात साखर कमी असल्याचं जाहीर केलं.

उद्या सकाळी फेरतपासणी होती, आणि घरातलं प्रत्येक माणूस आज सकाळपासून ती नसल्यासारखं वागत होतं.

हे सगळं घर लॉन्ड्रीवर पोसलेलं. रस्त्याच्या टोकाला ती लांबलचक विटांची इमारत, वर वाफेचं धुराडं, खाली इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरींचे डोंगर. माईंच्या नवऱ्याची, म्हणजे तात्यांची आई, जिला सगळे मोठी आई म्हणत, तिथं पहिल्यांदा कामाला लागली. मग तात्या बॉयलरवर, त्यांची बहीण म्हणजे आत्या घडीच्या टेबलावर, लग्न होऊन आलेल्या माई आत्यांच्या समोर त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. पुढे थोरला मुलगा, दादा, लॉन्ड्रीची गाडी चालवायला लागला आणि त्याची बायको इस्त्रीच्या तापत्या रोलरवर. सुटले दोघंच. धाकटा वायरमन झाला, आणि त्याची बायको लग्नाआधीपासून चष्म्याच्या दुकानात नोकरी करत होती. म्हणून या घरातल्या लोकांकडे बाहेरून पाहण्याची मुभा धाकटीला अजून थोडी शिल्लक होती.

ती नवी नवरी म्हणून आली तेव्हा जेवताना थोरल्या जावेच्या मनगटाच्या वर भाजल्याचा गुळगुळीत, गोल पट्टा दिसला. तिने घाबरून विचारलं, तर सगळे हसले. "ती होय? ती ताईची बांगडी. रोलरने दिली. सोनाराकडची नसली तरी कुणी चोरत नाही." मग एकेकाचे दागिने कळत गेले. सोड्याच्या पाण्याने भेगाळलेले आत्यांचे तळहात, ते 'नकाशे'. ओझी उचलून वाकलेली दादाची कंबर, ती 'कमान'. बॉयलरच्या घरघरीत गेलेले तात्यांचे कान, त्यांना 'भोंगा वाजला' म्हणत. या घरात प्रत्येक दुखण्याला टोपणनाव होतं. नाव दिलं की जनावर पाळीव होतं, चावत नाही, असा सगळ्यांचा समज होता. मोठी आई म्हणायची, "डाग धुता येतो, रडणं धुता येत नाही." ती गेली, पण तिचं हे वाक्य जेवणाच्या टेबलापाशी अजून तिच्या खुर्चीत बसून होतं.

धाकटीला आधी हे लोक वेडे वाटले. मग एकदा तिचा ताप उतरेना, तेव्हा माई पाळी करून आल्यावर तिच्या उशाशी बसून राहायच्या; कामावरून आलेली बाई असं बसते आणि वर हसवते, हे तिने माहेरी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून ती या घराच्या बाजूने झाली. वेडे असले तर असोत.

अपघाताच्या दिवशी लॉन्ड्रीत ओल्या चादरींची हातगाडी उतारावरून खाली येत होती. ओली चादर किती जड असते ते उचलणाऱ्यालाच ठाऊक, आणि ही तर गाडीभर. गाडीचं एक चाक कधीपासून डुगडुगत होतं. सगळ्यांना माहीत होतं, मुकादमाला जरा जास्तच. ते निखळलं. गाडी कलली. खाली गटाराची जाळी होती. दुसरं कुणी असतं तर बाजूला झालं असतं. माईंनी खांदा लावला.

"अहो, धुतलेल्या होत्या," त्या नंतर एवढंच म्हणाल्या.

गाडी थांबली, चादरी वाचल्या. आणि पाळी सुटायला वेळ होता, म्हणून माईंनी तोवर डाव्या हाताने रुमालांच्या घड्या घातल्या.

मग भरपाईचा अर्ज झाला. युनियनच्या वकीलबाईंनी तो व्यवस्थित भरला, आणि माईंना तपासणीसाठी डॉक्टरकडे पाठवलं. धाकटी सोबत गेली होती. त्या खोलीत घडलं ते तिला आठवलं की हसावं की भिंतीवर डोकं आपटावं ते कळत नसे.

"दुखतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही हो. चालायचंच."

"हात वर करून दाखवा."

आणि माईंनी हात वर केला. पार वर. कपाळावरून घाम ओघळत होता, ओठ पांढरे पडले होते आणि चेहऱ्यावर फोटो काढताना असतं तसं हसू. वर त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की तुमच्या कॉलरचा डाग शाईचा आहे, दुधात भिजवा, जाईल. डॉक्टर खूश झाले. त्यांनी कागदावर लिहिलं की हात पूर्ण वर जातो, वेदना नाही. घरी येताना माई जिन्यात खाली बसल्या, बराच वेळ उठल्या नाहीत, आणि जिना वाढला तो त्याच दिवशी.

धाकटीला त्याचं फार नवल वाटलं नव्हतं. दुकानात रोज तेच. डोळे तपासायला येणारी माणसं न दिसणारी अक्षरं अंदाजाने ठोकून देतात आणि बरोबर आलं की आनंदतात, जणू पास झाले. तपासणी म्हणजे परीक्षाच असं वाटतं लोकांना. माई तर परीक्षेत पहिल्या आल्या होत्या. आणि त्यामुळेच अर्ज फेटाळला गेला होता.

वकीलबाईंनी खटपट करून फेरतपासणी मिळवली. परवा त्या घरी येऊन गेल्या. "कागद मी बघते," त्या म्हणाल्या होत्या. "साक्षीदार मी बघते. पण दुखतं हे मला तुमच्या वतीने सांगता येत नाही, माई. ते तुमचं तुम्हाला सांगावं लागेल. या तपासणीतही नाही म्हणालात तर फाईल बंद. आणि फाईल बंद झाली की लॉन्ड्रीवाले तुम्हाला पुन्हा त्याच हातगाडीपाशी उभं करणार."

माईंनी त्यांना चहा दिला आणि त्यांच्या छत्रीचं कापड चांगलं असल्याचं सांगितलं.

*

दुपारी सगळी जमली. सुट्टीचा दिवस होता. टेबलाभोवती खुर्च्या कमी पडल्या म्हणून धाकटी खिडकीत टेकली. दादा नेहमीसारखा भिंतीला पाठ लावून उभा होता. "बसून बसून कंटाळा येतो, गाडीत बसलेलाच असतो," असं तो म्हणायचा, आणि ते सगळ्यांना पटायचं. तात्या खुर्ची ओढून माईंच्या बरोबर समोर बसले. ते नेहमी तिथेच बसत. इतरांचं बोलणं त्यांना दोनदा सांगावं लागे. हात कानामागे लावून ते "काय?" म्हणत, आणि त्यांच्या त्या "काय?"ची नक्कल घरातल्या तान्ह्या पोरालाही यायची. पण माईंना त्यांनी कधी "काय?" विचारलं नव्हतं. माईंचे ओठ ते वाचायचे. खोलीच्या त्या टोकाला माई नुसत्या पुटपुटल्या तरी या टोकाकडून उत्तर यायचं. बॉयलरच्या गोंगाटात खिडकीच्या काचेतून बघून बघून केलेला संसार होता तो.

"तर," धाकट्याने गळ्यात मोजपट्टी अडकवली आणि डॉक्टर झाला. "नाव काय बाई तुमचं?"

"बापाचं नाव सांगू की तुझ्या कानाखाली सांगू?"

"रोगी भांडखोर आहे, लिहून ठेवा. बरं, दुखतं का?"

"नाही."

टेबलाभोवती उसासा पसरला.

"माई," ताई म्हणाली, म्हणजे थोरली सून, "हो म्हणायचंय."

"अगं, हो म्हटलं की पुढचं विचारणार. नाही म्हटलं की विषय मिटतो."

"विषय मिटवायचा नाहीये आपल्याला."

"बरं." माईंनी जाकीट सारखं केलं. शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारख्या ताठ बसल्या. "विचार."

"दुखतं का?"

माईंनी तोंड उघडलं. मिटलं. "तसं दुखतं असं नाही म्हणता येणार. जरा आठवण करून देतो."

"कोण?"

"खांदा."

"'रोग्याचा खांदा आठवण करून देतो'," धाकटा हवेत लिहीत म्हणाला. "कसली ते विचारू का?"

धाकटी हसली, तात्या "काय?" म्हणाले, त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं, आणि तेही हसले. माई सगळ्यांत जास्त हसल्या. हसताना उजवा खांदा हलू नये म्हणून त्यांनी डाव्या हाताने तो दाबून धरला होता, हे खिडकीत टेकलेल्या धाकटीला दिसलं.

"मला विचाराल तर," आत्या म्हणाल्या. आत्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण त्यामुळे त्या कधी अडल्या नव्हत्या. "मला हे नाटकच पटत नाही. वहिनी काय, खोटं बोलते का? एवढी वर्षं तिच्यासमोर उभी राहिले मी. हूं की चूं नाही. लॉन्ड्रीत अशी बाई झाली नाही. आणि आता तिने त्या डॉक्टरपुढे जाऊन कण्हायचं? माझ्या हातांचं काय झालं? दिली कुणी भरपाई? आम्ही मागितली?"

"तेच म्हणतो मी," दादा भिंतीला टेकूनच म्हणाला. "मालक काही राक्षस नाही. हलकं काम देतो म्हणालाय. रुमाल मोजायचे, बसून. कशाला वाकडं घ्यायचं?"

"बघा," आत्या म्हणाल्या. एरवी आत्यांचं आणि दादाचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आज दोघं एका बाजूला आलेले पाहून धाकटी चकितच झाली.

ताईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "आत्या, एक विचारू? रोलरखाली हॉटेलची चादर फाटली तर काय होतं?"

"काय व्हायचंय? मालक भरून देतो."

"भरून देतो ना? चादरीने अर्ज केलेला नसतो, तरी देतो. मग माई काय चादरीपेक्षा स्वस्त?"

"चादर कण्हत नाही, बाई."

"आपणही कण्हत नाही. म्हणून तर आपल्याला चादरीएवढंही मिळत नाही."

आत्यांनी आपले तळहात टेबलावरून काढून मांडीवर घेतले.

"तू उगीच पेटवू नकोस," दादा बायकोला म्हणाला. "लॉन्ड्रीत राहायचंय आपल्याला."

"हो ना. नवी गाडी मिळायचीय तुम्हाला."

नव्या गाडीचं सगळ्यांना माहीत होतं. मुकादमाने दादाला बाजूला घेऊन गोड बोलून सांगितलं होतं की गाडी येतेय, चांगल्या रस्त्याची फेरी आहे, तू समजूतदार आहेस. 'समजूतदार' या शब्दाचा अर्थ घरी येईपर्यंत दादालाही कळला होता.

"गाडीचा इथं काय संबंध?"

"मग चाकाचं कोण सांगणार? चाक डुगडुगतंय हे मुकादमाला तुम्हीच सांगितलं होतंत ना? मला तुम्ही सांगितलंत, मी काय स्वप्नात पाहिलं?"

"विषय माईंच्या खांद्याचा आहे."

"नाहीये." ताईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "विषय या घराचा आहे. आत्या, तात्या, ऐका सगळे. यांच्या बुटाची नाडी मी बांधते. रोज सकाळी. वाकता येत नाही यांना. पोरांना सांगतात, बाबांना घाई आहे. पोरं विचारतात, बाबांना रोजच कशी घाई?"

दादा भिंतीपासून हलला नाही. त्याला हलता येणारच नव्हतं, भिंत होती म्हणून तो उभा होता. हे आता सगळ्यांना एकदम दिसलं. एवढ्या मोठ्या माणसाचं तोंड लहान मुलासारखं झालं.

"आणि तू?" तो शेवटी म्हणाला. "ती बांगडी... रात्री पाण्यात हात बुडवून बसतेस मोरीत. तुला वाटतं, मी झोपलोय."

ताईने बाही मनगटावर खाली ओढली. धाकट्याने मोजपट्टी गळ्यातून काढून हळूच खिशात घातली. धाकटीला वाटलं, एखाद्या कपाटात वर्षानुवर्षं कोंबून ठेवलेलं सामान दार उघडताच अंगावर यावं तसं झालंय, आणि आता कुणी मागे सरकत नाहीये. तिला या माणसांचा राग यायला हवा होता. आला नाही. इतकी वर्षं हे सगळं अंगावर वागवून यांनी तिला एकदाही जड होऊ दिलं नव्हतं. पोरांच्या वाढदिवसाला हीच माणसं फुगे फुगवत होती, याच हातांनी, याच कंबरेने.

"काय म्हणतायत?" तात्यांनी विचारलं. कुणी सांगितलं नाही.

"चाकाचं मी सांगेन," दादा एकदम म्हणाला. "उद्या वकीलबाईंना भेटून. गाडी गेली खड्ड्यात." मग थोडं थांबून, "नवी असेना का."

इतक्या वेळानंतर ताईने नवऱ्याकडे पाहिलं आणि आपली खुर्ची उचलून त्याच्याकडे नेली. "बसा," ती म्हणाली. "कंटाळा येईल तेव्हा उठा."

तो हळूहळू, भिंतीला धरून, बसला.

इथं सगळं ठीक व्हायला हवं होतं. पण माई उठल्या.

"पुरे," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी घरात एकमेकांची झाकली मूठ उघडायची नाही. पोराची गाडी घालवून मला भरपाई नको. मी उद्या त्या डॉक्टरकडे जात नाही. परवा कामावर जाते. खांद्याला काही झालेलं नाही, जरा आखडलाय. काम केलं की मोकळा होईल."

"माई," धाकटी म्हणाली.

"तू गप. तू चष्मे वीक."

हे माईंनी तिला कधीच म्हटलं नव्हतं. धाकटीला ते लागलं, आणि लागल्यावर तिच्या लक्षात आलं की माई घाबरल्यात. डॉक्टरला नव्हे, गटारात जाणाऱ्या गाडीलाही नव्हे, एका एवढ्याशा शब्दाला.

सगळ्यांना वाटलं आता आत्या म्हणतील, बरोबर बोलली माझी वहिनी. आत्या उठल्या. गच्चीच्या जिन्याकडे गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर तारेवरून काढलेली मोठ्या पलंगाची चादर होती, उन्हाचा वास येणारी.

"जा की कामावर," आत्या म्हणाल्या. "मी कुठं नको म्हणते? आधी ही धर."

घरात हा मोठ्या आईचा नियम होता. दोघांत भांडण झालं की मोठी आई त्यांच्या हातात एक चादर द्यायची. चादरीची घडी एकट्याने होत नाही, आणि घडी घालायची तर दर वेळी एकमेकांपाशी चालत जावंच लागतं. शेवटची घडी पडेपर्यंत माणसं समोरासमोर, नाकाला नाक. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, सगळे या चादरीतून गेलेले.

"आपलं कुठं भांडण झालंय, वन्सं?"

"व्हायला वेळ लागतो काय? धर म्हटलं ना."

टेबल बाजूला सरकवलं. नणंद-भावजय खोलीच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या, आणि धाकटीला वाटलं, लॉन्ड्रीत जे सांगतात ते खोटं नाही. नुसत्या उभ्या राहण्यातच काहीतरी होतं. पाय जमिनीत रोवलेले, कोपरं किंचित बाहेर, नजर चादरीवर नाही, समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर. नव्या बायका या दोघींच्या टेबलापाशी नुसतं बघायला उभ्या राहत म्हणे. यांना एक-दोन म्हणावं लागत नसे. एकीने श्वास घेतला की दुसरीचा हात उठे. आधी झटका. चादर हवेत फुगायची, छत असल्यासारखी, आणि बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज होऊन सगळ्या सुरकुत्या एका दमात निघून जायच्या. मग चालत जवळ, टोकाला टोक, पुन्हा मागे. कुणी म्हणे, त्या दोघींनी घातलेल्या घडीत दोरा ओवला तर दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर यावा. आत्या निवृत्त झाल्या तेव्हा माईंना जोडीला दुसरी बाई मिळाली, तिसरी मिळाली, पण तो आवाज पुन्हा तसा आला नाही, असं माई एकदाच म्हणाल्या होत्या.

आत्यांनी त्यांच्याकडची टोकं धरली. माईंनी डाव्या हातात एक टोक घेतलं. दुसरं टोक आत्यांनीच पुढे येऊन त्यांच्या उजव्या हातात दिलं, बोटं मिटवली आणि मागे गेल्या. हे सगळं इतकं हळुवार होतं की धाकटीला आत्यांचा बेत काय तो कळेना. दयाही नव्हती त्यात, आणि डावही नव्हता. म्हणजे असेलही, पण आत्यांचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदाच मऊ पडला होता.

"चल, वहिनी," आत्या म्हणाल्या, आणि श्वास घेतला.

माईंचे हात उठले. सवयच ती, विचारायला थांबली नाही. डावा हात वर गेला. उजवा छातीपाशी पोचला आणि तिथं, दार बंद दिसावं तसा, अडला. माईंनी तो अजून ढकलला. कपाळावर घाम आला. ओठ पांढरे झाले, आणि डॉक्टरांच्या खोलीतलं ते फोटोचं हसू हळूहळू चेहऱ्यावर यायला लागलं.

धाकटी पुढे झाली. तिला अडवायचं होतं, पण कोणाला, ते ठरायच्या आत माईंची बोटं सुटली.

चादर फुगली नाही, वाजली नाही. एका बाजूने लोळत खाली आली आणि फरशीवर पसरली.

माईंच्या हातून चादर कधी जमिनीला लागली नव्हती. लॉन्ड्रीत लागली की ती पुन्हा धुवायची, हा नियम. आणि इतक्या वर्षांत माईंमुळे एकही चादर परत गेली नव्हती, हे मुकादमसुद्धा कबूल करायचा. अशाच चादरी गटारात जाऊ नयेत म्हणून त्यांनी अंगावर गाडी घेतली होती. आता ती पायाशी पडली होती आणि माई तिच्याकडे असं बघत होत्या, जणू दुसऱ्याच कुणाची आहे.

आत्या आपल्या टोकाशी तशाच उभ्या होत्या. त्यांनी चादर सोडली नव्हती. दादा, ताई, धाकटा, कुणी उचलायला वाकलं नाही. सगळे थांबले होते. माई आता म्हणतील की चादर निसरडी आहे. वन्संनी ओढली. फरशी ओली आहे. आणि मग सगळे हसतील, चादर उचलली जाईल, चहा होईल, परवा माई कामावर जातील.

"ही चादर..." माई म्हणाल्या.

आणि थांबल्या. खोलीत एक एक चेहरा त्यांनी पाहिला. भिंतीपासून सुटून खुर्चीत बसलेला मुलगा. बाही खाली ओढून घेतलेली थोरली. आत्यांचे दोन तळहात, चादरीच्या टोकाशी, भेगा भेगा. शेवटी त्यांची नजर समोर तात्यांवर आली आणि तिथंच राहिली.

"दुखतं," माई म्हणाल्या.

इतकं हळू, की खिडकीशी असलेल्या धाकटीला ते ऐकू आलं त्याहून जास्त दिसलं.

तात्या माईंच्या बरोबर समोर होते. त्यांची नजर माईंच्या ओठांवरून जराही हलली नव्हती. त्यांनी सावकाश हात उचलला आणि कानामागे नेला.

"काय?" तात्या म्हणाले.

धाकटीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण हात कानामागे तसाच होता, पक्का.

माई नवऱ्याकडे बघत राहिल्या. एवढ्या संसारात या माणसाने त्यांना हे पहिल्यांदा विचारलं होतं. मग त्यांनी डाव्या हाताने उजवा खांदा धरला, आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"दुखतं म्हटलं. खांदा दुखतो माझा, खूप दुखतो. फळी होती तिथंच आहे. माझा हात जात नाही."